टर्कीचा खिमा: शिमग्यापासून दिवाळीपर्यंत वापरून काय वाटलं

आधीच सांगतो, मटण खिम्याच्या जागी काहीतरी हलकं म्हणून टर्कीचा खिमा घेणार असाल तर नका घेऊ. खिमा-पाव कराल, तो कोरडा ठक्क होईल आणि घरातले दुसऱ्या घासाला पाणी मागतील. याला मटणासारखा नाही तर कोळंबीसारखा वागवायचा, म्हणजे कमी वेळ आच, ओलं खोबरं, थोडं आंबट नि वरून रवा. एवढं जमलं की मग हा खिमा मस्त आहे, आमच्याकडे तर आता पोरं मागून खातात.

आम्ही वेंगुर्ल्याचे, त्यामुळे टर्की काय रोज मिळत नाही. माझा मावसभाऊ कुडाळकडे गावठी कोंबड्यांबरोबर थोड्या टर्क्या पाळतो, त्याच्याकडून घेतो. नर पाच-सात किलोचा सहज भरतो, म्हणजे एका घराला एकदम अख्खा संपत नाही, म्हणूनच खिम्याकडे वळलो. भाव आमच्याकडे ब्रॉयलरच्या दुपटीच्या आसपास पडतो, हे आधी मनात धरा.

खिमा करून कोण देणार हा दुसरा प्रश्न. चिकनवाल्याकडे मशीन नाही आणि मटणवाला कोंबडीजातीचं काही मशीनला लावू देत नाही. मग घरीच मिक्सरमध्ये. मांसाचे छोटे तुकडे करून फ्रीझरमध्ये अर्धवट कडक होईपर्यंत ठेवायचे नि थोडे थोडे घालून मिक्सर थांबत थांबत फिरवायचा, एकदम फिरवलात तर लगदा होतो. तंगडीच्या खालच्या भागात टणक शिरा असतात, अगदी काड्यांसारख्या, त्या आधी ओढून काढा नाहीतर पातंच अडकतं. आणि खिम्याला मांडीचं मांस घ्या. छातीच्या मांसात चरबी जवळजवळ नसतेच. माझी मेव्हणी न्यू जर्सीला असते, ती सांगते तिकडे पाकिटावरच ८५, ९३, ९९ असे आकडे असतात, म्हणजे उरलेले टक्के चरबी. ९९वालं पाकीट आपल्या कुठल्याच रश्शाला उपयोगाचं नाही असं माझं मत, डाएटवाल्यांनी रागावू नये.

चरबी कमी म्हणून ओलं खोबरं. खोबऱ्यात जवळपास तिसरा हिस्सा तेलच असतं, त्यामुळे जे मांसात नाही ते नारळातून येतं. भाजक्या खोबऱ्याचं काळं वाटण मात्र याला जड जातं, त्यात मांसाची चव कुठे जाते कळतच नाही. तिरफळंही घालू नका, ती बांगड्यालाच शोभतात.

सगळ्यात जास्त वेळा केलेला प्रकार म्हणजे रवा लावलेले कटलेट. अर्धा किलो खिम्याला मूठभर जाडे पोहे भिजवून घट्ट पिळून, आलं-लसूण-मिरची-कोथिंबिरीचं वाटण, दोन चमचे मालवणी मसाला, चमचाभर कोकमाचं आगळ (ते खारट असतं, म्हणून मीठ बेतानं) आणि हे सगळं हातानं चांगलं मळायचं. मीठ घालून मळलं की खिमा चिकट होतो नि कटलेट फुटत नाही. सुका खिमा करायचा असेल तर बरोबर उलटं, मीठ शेवटी, नाहीतर गोळे गोळे होतात. अर्धा तास फ्रिजमध्ये, मग रवा नि तांदळाच्या पिठात घोळवून खोबरेल तेलात शॅलो फ्राय. बोटभर जाडीपेक्षा जाड करू नका. आत शिजलंय का हे रंगावरून ठरवत बसू नका कारण टर्की कधीकधी पूर्ण शिजूनही गुलाबी दिसते, थर्मामीटर घ्या, मध्ये ७४ अंश सेल्सिअस आलं की झालं. थर्मामीटर आणला तेव्हा आई हसली होती, आता चिकनलाही तीच लावते.

दुसरा खरा शोध म्हणजे ओले काजूगर घालून सुका खिमा. मार्च-एप्रिलमध्येच जमतं हे, ओल्या बिया सोलताना हाताला तेल लावून बसा कारण तो चीक कातडी जाळतो. लोखंडी तवा कडक तापवून खिमा पातळ पसरायचा नि थोडा वेळ ढवळायचंच नाही, तळाला रंग येऊ द्यायचा, तव्यावर गर्दी केली तर पाणी सुटून तो नुसता उकडतो. मग कांदा, मसाला, काजूगर, पाण्याचा हबका, झाकण, आणि उतरवताना खवलेलं खोबरं नि आमसुलं. घावनात गुंडाळून खा. इतर वेळी सुके काजूगर रात्रभर भिजवून घेतो, चालतात, पण ती गोडी नाही.

जून-जुलैत मासेमारी बंद असते, बाजारात ताजं काही नाही, त्या दोन महिन्यांत हा खिमा खरा कामाला आला. परसातलं अळू होतं म्हणून अळूवडी केली, बेसनात अर्धा खिमा मिसळून, आंबटाला आगळ, म्हणजे घशाला खाजही नाही. थर अगदी पातळ लावायचा नि गुंडाळी नीट वाफवायची, मग काप करून तळायचे. हळदीच्या पानात दुमडून तव्यावर भाजलेला खिमा पण झकास, वास घरभर. उकडीच्या पारीत भरून मोदक करणार होतो तर आईनं डोळे वटारले, "मोदकाच्या आकारात मांस नाय हां", शेवटी करंजीच्या आकारावर तडजोड झाली. श्रावण ते गणपती सगळंच बंद, नवरात्रातही, त्यामुळे वर्षभराचा हिशेब विचारू नका.

लोक विचारतात हा परदेशी पक्षी आपल्याकडे कशाला. अहो, टर्की मूळची अमेरिकेतली, मेक्सिकोकडे माणसाळवलेली, आणि आपली मिरचीही तिकडचीच, काजू ब्राझीलकडचा. शिवाय १६१२ मध्ये गोव्याहून जहांगीरच्या दरबारात टर्की गेली होती, उस्ताद मन्सूरनं तिचं चित्र काढलं, ते आज लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियममध्ये आहे. म्हणजे आपल्या शेजारून चारशे वर्षांपूर्वीच जाऊन आलेली.

तक्रारी? खिम्याला वास येतो, कोंबडीपेक्षा उग्र, लिंबू-हळद लावून ठेवलं की कमी होतो, जात नाही. कच्चा खिमा फ्रिजमध्ये एक-दोन दिवसच, त्यापुढे फ्रीझर, तिथे तीन-चार महिने चव टिकते. मी सपाट पाकिटं करतो, पटकन वितळतात. पावसात लाईट गेली तर फ्रीझर उघडू नका, गच्च भरलेला असेल तर दोन दिवस धरतो, अर्धा असेल तर एकच. खाली फ्रिजमध्ये मात्र चार तासांच्या वर गेलं तर फेकून द्या, जीव हळहळला तरी.

पाच पैकी साडेतीन देईन. एक किमतीसाठी कापला, अर्धा खिमा-पावासाठी. नाताळच्या आधी गोव्याकडून मागणी येते नि भाव आणखी चढतो, म्हणून मावसभावाला सांगून ठेवलंय, यावेळी नर नको, लहानशी मादी ठेव, छाती सुक्क्याला नि मांड्या खिम्याला.