पीयू पॉलिशच्या नावाखाली सीलर मारून गेला

पीयू म्हणजे पॉलियुरेथेन. या पॉलिशचे डबे बहुधा दोन असतात. एकात पॉलिश, दुसऱ्यात हार्डनर. दोन्ही ठरलेल्या प्रमाणात मिसळले तरच थर कडक होतो. आणि एकदा मिसळलेला माल काही तासांत भांड्यातच घट्ट होतो, उद्यासाठी ठेवता येत नाही. आमच्याकडे आलेल्या पॉलिशवाल्याची चोरी नेमकी इथेच दिसत होती, म्हणून हे आधी सांगतो.

आमचं गाव मूल तालुक्यात, जिल्हा चंद्रपूर. बहिणीच्या लग्नासाठी धुऱ्यावरचे साग रीतसर परवानगी काढून तोडले आणि गावच्या वाढईनं दिवाण, कपाट, ड्रेसिंग टेबल तयार केलं. इकडच्या सागवानाची थोरवी काय सांगावी. अयोध्येच्या राममंदिरासाठी २०२३ मध्ये लाकूड आमच्याच जिल्ह्यातल्या बल्लारपूरहून गेलं. वाढई म्हणाला, चपडा मारू. म्हणजे लाख स्पिरिटमध्ये विरघळवायची आणि कापडाच्या बोळ्यानं थरावर थर चढवायचे. दिसतं देखणं, ओरखडा गेला तर घरच्या घरी दुरुस्त होतं. पण वर गरम कप ठेवला की पांढरा डाग उमटतो आणि दमट हवेत मारलं तर धुरकट होतं. सामान सासरी जायचं, म्हणून बाबांनी पीयू ठरवलं.

धानाचे पैसे हातात आले की लग्नसराईच्या तोंडावर असे कारागीर गावोगाव फिरतात. आमच्याकडे आलेल्यानं मोबाइलवर चकाचक फोटो दाखवले. "टेन्शनच घेऊ नका जी काका, दहा वर्षं काही होत नाही." चौरस फुटाला दीडशे रुपये, माल त्याचा, निम्मे पैसे आधी. बिल मागितलं तर वहीचं पान फाडून त्यावर आकडा लिहून दिला.

मापातच पहिला हात मारला. कपाटाची पाठ भिंतीला लागणार, तिथं पॉलिश होणारच नव्हतं, तरी ती धरली. आईनं टोकलं तर म्हणे, "सगळीकडं असंच मोजतात जी." तसं काही नसतं. ज्या भागाला पॉलिश लागतं तेवढ्याचेच पैसे, आणि हे काम सुरू व्हायच्या आधी बोलून घ्यायचं.

नामांकित कंपनीच्या पीयूचा डबा त्यानं ओसरीत, येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसेल असा मांडला होता. झाकण आधीच उघडलेलं. हार्डनर शेवटपर्यंत कुणाला दिसलं नाही. संध्याकाळी उरलेला माल परत डब्यात ओतायचा, सकाळी तोच मारायला घ्यायचा. घासकाम सगळं एकाच कागदावर. खरं तर १२० नंबरच्या पॉलिश पेपरनं सुरू करून १८०, २२० असं बारीक होत जायचं आणि दोन थरांच्या मध्ये ३२० फिरवायचा. सागात मुळातच तेल असतं, त्यामुळे आधी थिनरनं पुसावं लागतं, नाहीतर वरचा थर नीट धरत नाही. यातलं काहीच झालं नाही. चमक मात्र लगेच आली. बाकीचे पैसे मोजून घेतले आणि गडी गेला.

हळदीच्या आधी ड्रेसिंग टेबलावर नेलपॉलिश काढायचं रिमूव्हर सांडलं. पुसायला गेलं तर चमक सायीसारखी कापसाबरोबर उचलून आली. वाढईनं दिवाणाच्या पायाला आतल्या बाजूनं थिनरचा बोळा धरून ठेवला. तिथंही थर मऊ होऊन चिकटला. नीट वाळलेला पीयू असा सुटत नाही. ते साधं सीलर होतं, लाकडाची छिद्रं भरायला खाली मारतात ते. ही परीक्षा कुणीही करू शकतं, फक्त दर्शनी जागी करू नका आणि जवळ विस्तव ठेवू नका. चपड्याचा संशय असेल तर थिनरऐवजी स्पिरिट वापरा.

फोन तेव्हापासून बंद. बाबांनी आगाऊ रक्कम फोनवरून पाठवली होती आणि दर मेसेजमध्ये लिहून आला होता, तेवढाच पुरावा हाती आहे. १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर बोललो. जिल्हा ग्राहक आयोगात पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क लागत नाही, तक्रार मात्र दोन वर्षांच्या आत करावी लागते. कागदं जमवणं चालू आहे.

पाहुणे यायच्या आत सगळं पुन्हा घासलं. दिवाण आणि कपाटाला वाढईनं चपडाच मारला. ड्रेसिंग टेबलासाठी पीयू आम्ही स्वतः चंद्रपूरच्या दुकानातून सीलबंद आणलं, पक्कं बिल घेतलं आणि हार्डनर समोर मिसळून घेतलं. उरलेल्या फळीच्या पाटाला घरचं जवसाचं तेल लावलं. कच्चं तेल वाळायला बरेच दिवस घेतं, पण पाटाला घाई नव्हती. त्या तेलाच्या चिंध्या गोळा करून कोपऱ्यात टाकू नका, आपोआप पेट घेतात. बाहेर मोकळ्या हवेत सुट्या पसरून वाळवा.

पीयूचा रिकामा डबा भंगारवाल्यानं भावापेक्षा जास्त देऊन मागितला. ओसरीतला तो उघडा डबा कुठून आला असेल ते तेव्हा कळलं. आम्ही खिळ्यानं भोकं पाडली आणि मग दिला. तुम्हीही तसेच द्या.