तीन आवाज आणि एक काँगा

मी जलशात ढोलकी वाजवतो, त्यामुळे गाणं कुठलंही असो, कान आधी ठेक्याकडे जातो. 'द लास्ट पोएट्स' या न्यूयॉर्कच्या काळ्या कवींच्या गटाचा त्याच नावाचा १९७०चा अल्बम ऐकताना ही सवय कामी आली. माझं इंग्रजी धीम्या चालीचं, आणि ही माणसं दम घेत नाहीत.

अबिओदुन ओयेवोले, उमर बिन हसन आणि अलाफिया पुदिम हे तीन कवी, आणि काँगा, म्हणजे हातानं वाजवायचा उंच ढोल, वाजवणारा निलिजा. बस्स. गिटार नाही, पियानो नाही. एक जण कविता म्हणतो, बाकीचे मागून झील धरतात. हो, झीलच, दुसरा शब्द नाही त्याला.

आता निलिजाचा हात. शाहीर श्वासाला थांबला की आपल्याकडे ढोलकीवाल्याची बोटं शिवशिवतात आणि तो तुकडा टाकतोच. मीही टाकतो. निलिजा क्वचितच. ठेका जागेवर धरून बसतो, म्हणून कवीला हवं तसं पुढं-मागं पळता येतं. हेरॉइनच्या तलफेवरची कविता त्यासाठीच ऐका. भुयारी रेल्वेतल्या गोऱ्या माणसाच्या नजरेवरचा तुकडा तर जेमतेम दीड मिनिटाचा, पण त्यानंतर मी सुई उचलून थोडा वेळ गप्प बसलो.

या गटाचा जन्म १९ मे १९६८चा, हार्लेम या न्यूयॉर्कमधल्या काळ्यांच्या वस्तीतल्या माउंट मॉरिस पार्कातला. त्या दिवशी काळ्यांचा नेता माल्कम एक्सची जयंती. आम्हीही नवं गाणं १४ एप्रिललाच काढतो, म्हणून हसू आलं. 'दलित पँथर'नं १९७२ साली नाव अमेरिकेतल्या 'ब्लॅक पँथर'वरून घेतलं हे लहानपणापासून ऐकत आलोय. नातं कानाला लागलं ते आत्ता.

काळ्यांना दिली जाणारी शिवी इथं तीन शीर्षकांतच आहे. त्यातली एक कविता गोऱ्यांवर नाही, क्रांतीच्या बाता मारून ऐन वेळी घाबरणाऱ्या आपल्याच माणसांवर आहे. असा आहेर घरच्यांना द्यायला छाती लागते. बायका मात्र या तिघांच्या कवितेत मांड्यांपलीकडे फारशा दिसत नाहीत. तिथं मी पुढं सरकवतो.

माझी प्रत एका दुकानातून मागवली, ती कडेला वाकलेली आली. बदलून देईनात. पहिली कविता डुलत डुलत वाजते. रेकॉर्डचा हट्ट नसेल तर मोबाईलवर ऐका, पण चांगले हेडफोन लावून; बारक्या स्पीकरवर काँग्याचा खर्ज मरतो. आणि हे फारच कडक वाटलं तर आधी गिल स्कॉट-हेरन या कवी-गायकाचा १९७०चाच पहिला अल्बम लावा. तिथंही काँगा-बोंगो आहेत, पण अधूनमधून पियानो येतो आणि माणूस मिश्कील आहे.

परवा तालमीत मी निलिजाची नक्कल केली. शाहीर श्वासाला थांबले, मी तुकडा टाकला नाही, नुसता ठेका ठेवला. त्यांनी मान वळवून पाहिलं. म्हणाले, "काय रे, डुलकी लागली का?"