दसऱ्याच्या दिवशी दारात आलेला रूफर आणि माझे 9,950 डॉलर

आकडा आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढे लाजेखातर तो कमी करून सांगायचा मोह व्हायला नको. छप्पर दुरुस्त करून देतो म्हणून आलेल्या एका रूफरने माझे नेले 9,950 डॉलर. तेव्हाच्या भावाने आठ लाख पस्तीस हजार रुपये. सात महिने ही गोष्ट मी मोजक्या चार जणांना सांगितली आणि त्यातले दोन पोलीस होते. आता लिहितोय, कारण दर 1 जूनला पुन्हा हरिकेन सीझन सुरू होतो, आणि आमच्या फ्लोरिडातल्या टॅम्पा बेच्या काठाला दर वर्षी दोन-चार मराठी कुटुंबं नव्याने घर घेतात. त्यांनी तरी वाचा.

2024 चा सीझन फ्लोरिडावाल्यांना सांगायला नको. ऑगस्टमध्ये डेबी, 26 सप्टेंबरच्या रात्री हेलेन, आणि बरोबर तेराव्या दिवशी, 9 ऑक्टोबरला, मिल्टन. हेलेन जमिनीवर आलं ते तिकडे वर पेरीजवळ, पण जाता जाता समुद्राचं पाणी आमच्या बेमध्ये लोटून गेलं. लोकांचे भिजलेले सोफे, गाद्या, कार्पेटं अजून रस्त्याच्या कडेला ढीग करून पडलेली, आणि तेवढ्यात बातमी की मिल्टन गल्फमध्ये ताशी 180 मैलांवर गेलंय. त्या आठवड्यात इथे माणसं काय मनःस्थितीत होती ते आठवा आणि मग मला मूर्ख म्हणा.

आमचं घर डी झोनमध्ये. ए, बी, सीला निघायचे आदेश होते, आम्हाला नव्हते, म्हणून राहिलो. 3 तारखेला घट बसवलेले, तेही हलवायचं मनात नव्हतं. तयारीत मी कुठे कमी पडलो असं मला आजही वाटत नाही. खिडक्यांना शटर, बाथटब पाण्याने भरलेला, दोन्ही गाड्यांच्या टाक्या फुल, पासपोर्ट आणि घराची कागदपत्रं झिपलॉकमध्ये. मूळचा मी दापोलीकडचा. 3 जून 2020 ला ‘निसर्ग’ने आमच्या गावच्या घराचे पत्रे नेले, बाबांची सुपारी आडवी केली, त्यामुळे वादळ काय असतं ते मला कोणी शिकवायला नको, असा एक माज होता. मिल्टन सिएस्टा की बेटावर आलं, रात्री लाइट गेले, आणि सबंध घरात देवापुढचा नंदादीप तेवढा तेवत होता. पहाटे बेडरूमच्या कोपऱ्यात टप टप सुरू झालं. मागच्या उतारावरचे शिंगल्स, म्हणजे इथली कौलं, उडाले होते.

शनिवारी, 12 तारखेला, दसरा. लाइट नव्हते, बायकोने कॅम्पिंगच्या गॅसवर शिरा केला होता. दहाच्या सुमाराला दार वाजलं. पांढरा पिकअप, त्यावर शिडी, अंगात कंपनीचं नाव असलेला पोलो शर्ट. “समोरच्या घराचं काम घेतलंय, जाता जाता तुमचं छप्पर दिसलं.” फुकट बघून देतो म्हणाला, ड्रोन उडवला, फोनवर फोटो दाखवले. फोटो माझ्याच छपराचे होते, त्यात काही खोटं नव्हतं. सोमवारी पाऊस आहे, आज ताडपत्री टाकून घ्या, 650 डॉलर. पूर्ण छप्पर बदलायला 23,400. आणि मग हळू आवाजात: “डिडक्टिबलची काळजी करू नका, ते आम्ही बिलात बसवून घेऊ.”

इथे थांबतो जरा. माझ्या पॉलिसीत हरिकेनचं डिडक्टिबल 2 टक्के, घराचा विमा 4,12,000 चा, म्हणजे पहिले 8,240 डॉलर माझ्या खिशातून. ते वाचणार म्हटल्यावर माझे कान टवकारले, हे कबूल करतो. फ्लोरिडात रूफरने डिडक्टिबल माफ करणं किंवा बिलात फिरवणं हा गुन्हा आहे. जो तुमच्या देखत विमा कंपनीला फसवायला तयार आहे तो तुम्हाला सोडेल होय? पण हे आज कळतंय. त्या दिवशी मला वाटलं, माणूस धंद्यात मुरलेला दिसतोय.

समोर राहणाऱ्या आजी सत्तरीच्या पुढच्या, एकट्या. त्यांच्या दारापर्यंत चाळीस पावलं. “तुमचं काम हाच करतोय का हो?” एवढं विचारायला मी गेलो नाही. नंतर कळलं, त्यांनी त्याला दारातूनच हाकलला होता.

मी तपासलं नाही असं मात्र कोणी म्हणू नका. लायसन्सचा नंबर मागितला. त्याने दिला, रूफरचा असतो तसाच, सीसीसीने सुरू होणारा. राज्याच्या वेबसाइटवर टाकला. करंट, ॲक्टिव्ह. हिरवा कंदील मिळाल्यासारखं फोन खाली ठेवला. त्याच पानावर दोन ओळी वर लायसन्सधारकाचं नाव होतं, मायामीकडचा पत्ता होता. माझी नजर स्टेटसवर गेली आणि तिथेच थांबली. महिन्याभराने त्या खऱ्या लायसन्सवाल्याला फोन केला तेव्हा तो थकलेल्या आवाजात म्हणाला, “तुम्ही चौथे.” त्याचा नंबर वापरून कोणीतरी आमच्या भागात फिरत होतं आणि तो बिचारा दोनशे-अडीचशे मैलांवर स्वतःचा धंदा करत होता. तेव्हा नंबर टाकून भागत नाही. नाव जुळवा, पत्ता जुळवा, आणि वेबसाइटवरून शोधलेल्या फोनवर स्वतः फोन करा, त्याने कार्डावर दिलेल्या नाही.

करारावर सही केली, ताडपत्रीचे 650 दिले. दुपारी दोन मुलगे आले, ताडपत्री ठोकून गेले. जाताना तो शिडी आमच्या गॅरेजच्या भिंतीला टेकवून म्हणाला, राहू दे इथेच, नाहीतरी लवकरच काम सुरू करायचंय. चांगली 24 फुटी ॲल्युमिनियमची शिडी. हत्यार मागे ठेवून कोण पळतं? बायकोने संध्याकाळी गाडीच्या किल्ल्या, लॅपटॉप, विळी यांची पूजा केली आणि त्या शिडीलाही हळदकुंकू लावलं. तो मुकादम शिरा खाऊन, “व्हेरी गुड” म्हणून गेला होता. दसऱ्याला सोनं लुटतात, तसं आमचं लुटलं, फक्त आम्ही आपट्याची पानं हातात घेऊन उभे होतो.

पैसे. हा भाग लिहिताना अजून हात गरम होतात. ॲडव्हान्स 7,500, सगळा झेलने, म्हणजे फोनवरून थेट खात्यातून खात्यात, “चेक वटायला वेळ लागतो, शिंगल्स आजच बुक करायला हवेत.” माझ्या बँकेची झेलची मर्यादा दिवसाला 2,500. म्हणजे रविवारी 2,500, सोमवारी 2,500, मंगळवारी 2,500. कोणी एका दमात गळा धरला आणि काढून घेतले असं झालं नाही. तीन वेगवेगळ्या सकाळी, चहा पिऊन, शांत डोक्याने मी स्वतः बटण दाबलं. पहिल्याच दिवशी झेलवर नाव आलं ते कंपनीचं नव्हतं, कुठल्यातरी बाईचं. मी विचारलं. “आमची अकाउंटंट.” बँकेच्या ॲपने तर चक्क विचारलं, या व्यक्तीला तुम्ही ओळखता का? मी ‘हो’वर बोट ठेवलं.

पण खरा क्षण हाही नव्हे. तो आला शुक्रवारी, 18 तारखेला. बाबांना व्हिडिओ कॉलवर छप्पर दाखवत होतो, मागच्या अंगणातून. बाबा शिकले सातवी. फोन डोळ्यांजवळ नेऊन म्हणाले, “अरे, त्या ताडपत्रीला पट्ट्या कुठायत?”

“कसल्या पट्ट्या?”

“लाकडाच्या. कडेला पट्टी गुंडाळून मग ठोकायचं. हे नुसते खिळे मारलेत. वारा आला की फाटणार आणि भोकं पडणार ती वेगळी. कोणी केलंय हे काम? याला धंद्याची माहिती नाही.”

आणि मी म्हणालो, “बाबा, इथली पद्धत वेगळी असते.”

ते गप्प बसले. चार वर्षांपूर्वी स्वतःच्या हाताने घर झाकलेला माणूस, आणि मी त्याला अमेरिकेची पद्धत सांगतोय. त्या दिवशी करार करून सहाच दिवस झाले होते. वादळामुळे आणीबाणी जाहीर झालेली असेल तर फ्लोरिडात छपराचा करार दहा दिवसांच्या आत, काम सुरू व्हायच्या आधी, बिनदंड रद्द करता येतो. हे मला माहीत नव्हतं, त्याने कशाला सांगावं? रद्द केला असता तर 7,500 परत आले असते का, कोण जाणे. पण 24 तारखेला “परमिटची फी आणि शिंगल्स महागले” म्हणून जे आणखी 1,800 दिले, ते तरी वाचले असते.

काम 28 ला सुरू होणार होतं. 28 ला “क्रू अडकलाय.” 29 ला “उद्या नक्की.” 30 ला फोन थेट व्हॉइसमेलला, आणि तो व्हॉइसमेलही भरलेला. लक्ष्मीपूजन 1 नोव्हेंबरला केलं, कसं केलं ते आम्हालाच माहीत. परमिटच्या ऑफिसात विचारलं तर आमच्या पत्त्यावर अर्जच नाही. (हे ऑनलाइन दिसतं. फुकट. दोन मिनिटांत. बघा!) इथला कायदा असा की 10 टक्क्यांहून जास्त ॲडव्हान्स घेतला तर 30 दिवसांत परमिटचा अर्ज करावा लागतो. माझे 10 टक्के होत होते 2,340. मी दिले होते त्याच्या तिपटीहून जास्त.

नोव्हेंबरातल्या पहिल्या मोठ्या पावसात ताडपत्री फाटली, बाबा म्हणाले होते तशीच, खिळ्यांच्या रांगेवर. आता मूळ भोकातून कमी आणि त्या खिळ्यांच्या भोकांतून जास्त गळायला लागलं.

आता पोलीस. काउंटरवरच्या माणसाने करारावर माझी सही बघितली आणि म्हणाला, सिव्हिल मॅटर आहे, वकील गाठा. मी म्हटलं, अहो, आणीबाणी जाहीर असताना लायसन्स नसताना काम घेणं ही इथे फेलनी, म्हणजे गंभीर गुन्हा आहे, तुमच्याच राज्याचा कायदा आहे. तो म्हणाला, मग लायसन्सवाल्या खात्याकडे जा. दुसऱ्यांदा गेलो तेव्हा दुसरा होता. त्याने निदान लिहून घेतलं, एक केस नंबर दिला. शिडीवर बोटांचे ठसे असतील म्हटलं तर माझ्याकडे असं बघितलं की मीच टीव्ही बघून आलोय. खात्याकडे फॉर्म भरला, करार, फोटो, झेलच्या पावत्या जोडल्या. अकरा आठवड्यांनी पत्र आलं: दिलेल्या माहितीवरून संबंधित व्यक्तीची ओळख पटू शकली नाही. अरे, ओळख पटवायला म्हणून तर तुमच्याकडे आलो! गाडीचा नंबर दिला होता, तो परराज्यातला. फोन नंबर दिला, झेलवरचं नाव दिलं. वादळ यायच्या आधी हीच सरकारी माणसं टीव्हीवर बोट नाचवत सांगतात की फसवणाऱ्यांची गय करणार नाही. वादळ गेलं की फोनवर संगीत. एकदा 52 मिनिटं ऐकलं, मग लाइन कट.

बँकेने दहा दिवसांत निकाल दिला, त्यांचं काम मात्र चोख. “व्यवहार तुम्ही स्वतः मंजूर केला आहे.” क्रेडिट कार्डाने दिले असते तर निदान भांडता आलं असतं. झेल म्हणजे रोख. पोस्टातल्या मनीऑर्डरीलाही यापेक्षा जास्त कोणीतरी विचारत असे.

विम्याचा माणूस पाच आठवड्यांनी उगवला. नुकसान 11,300 धरलं, डिडक्टिबल वजा जाता हातात 3,060. “तात्पुरत्या दुरुस्तीमुळे झालेलं नुकसान” धरलं नाही. म्हणजे चोराने मारलेल्या खिळ्यांचे पैसेही माझ्याच खिशातून.

जानेवारीत ओळखीतून दुसरा रूफर मिळाला. छप्पर 21,800 ला झालं, कर्ज काढून. त्याने परमिट आधी दाखवलं, ॲडव्हान्स 10 टक्केच घेतला. त्यानेच सांगितलं की मला पूर्ण पैसे दिलेत आणि मी शिंगल्सवाल्या दुकानाला दिले नाहीत तर ते दुकान तुमच्या घरावर बोजा चढवू शकतं, तेव्हा शेवटचा चेक देण्याआधी बोजा सोडल्याची त्यांची पावती मागा. सातबाऱ्यावरचा बोजा माहीत असलेल्या माणसाला हे इथे येऊन दहा वर्षांनी कळावं!

आणखी एक. पुराचं पाणी घरात शिरलं तर साधी घराची पॉलिसी काही देत नाही, त्याची वेगळी काढावी लागते आणि ती लागू व्हायला साधारण 30 दिवस जातात. वादळ नकाशावर दिसल्यावर एजंटला फोन करून उपयोग नाही. या आठवड्यात करा. आणि छपराचे, खोल्यांचे फोटो आत्ताच काढून ठेवा, ऊन असताना.

बाबांना अजून पूर्ण आकडा सांगितलेला नाही. ते विचारतात, “पट्ट्या मारल्या का मग?” मी म्हणतो, “हो, मारल्या.”

शिडी अजून गॅरेजमध्ये आहे. पोलिसांनी नेली नाही, न्यायला कोणी आलं नाही, कुंकवाचा डाग तेवढा राहिलाय. टॅम्पा बेकडच्या कोणाला हवी असेल तर सांगा, शंभर डॉलरला देतो. मला जरा महाग पडली.