बीईटी टेस्टिंग, नागपूर: पराटीच्या कोळशासाठी एकदम कामाची लॅब (४ स्टार)

वर्धा जिल्ह्यात आमचा गट आहे, पराटीच्या म्हणजे कापसाच्या काड्यांचा कोळसा करतो, वाफेनं अ‍ॅक्टिवेट करतो म्हणजे त्याची छिद्रं वाढवतो आन फिल्टरवाल्यांना देतो. घेणारा पहिले विचारते बीईटी किती, म्हणजे एका ग्रॅमात छिद्रांतली धरून किती चौरस मीटर जागा. आधी दुसरीकडे सॅम्पल दिलं होतं तं तिथून व्हॉट्सअ‍ॅपवर नुसता एक आकडा आला, ना ग्राफ ना काही, विचारलं तं म्हणे मशीननं दिला तोच आहे. अशा आकड्यावर माल कसा विकायचा सांगा!

इथं लय फरक आहे. सॅम्पल घेतानाच विचारलं किती डिग्रीवर बनवला, कशात ठेवला. मंग काचेच्या नळीत चिमूटभर कोळसा टाकून व्हॅक्यूम लावून तापत ठेवला, याला डीगॅसिंग म्हणतात, कारण कोळशात शिरून बसलेलं पाणी निघाल्याशिवाय नायट्रोजनला आत जागाच भेटत नाही. पावसाळ्यातला माल होता, हाताला खडखडीत लागत होता तरी डीगॅस झाल्यावर वजन चांगलंच उतरलं, आन त्यांनी हिशोबात हेच नंतरचं वजन धरलं. ओलं वजन धरलं असतं तं आकडा फुकटात कमी आला असता. त्याच्यानंतर नळी उणे १९६ डिग्रीच्या लिक्विड नायट्रोजनमध्ये, आन आत थोडा थोडा नायट्रोजन गॅस सोडत किती चिकटला ते मशीन मोजत जाते.

रिपोर्टमध्ये पूर्ण आयसोथर्म आहे, म्हणजे कोणत्या दाबाला किती नायट्रोजन चिकटला त्याचा ग्राफ, २ नॅनोमीटरच्या खालची छिद्रं किती, २ ते ५० वाली किती, सगळं. पण मला सगळ्यात पटलं ते रेंजचं काम. बीईटी हे नाव ज्यांच्यावरून पडलं त्या ब्रुनॉवर, एमेट आन टेलरची १९३८ ची थिअरी थरावर थर धरून चालते, बारीक छिद्रात थर चढायला जागा कुठं, म्हणून गॅसच्या दाबाची नेहमीची ०.०५ ते ०.३० रेंज (त्या थंडीत नायट्रोजन लिक्विड होते त्या दाबाच्या मानानं) आमच्या कोळशाला लावली की सी, म्हणजे नायट्रोजन किती घट्ट चिकटते ते दाखवणारा हिशोबातला आकडा, निगेटिव्ह येते, आन निगेटिव्ह सी ला काही अर्थच नाही. यांनी रेंज खाली आणून सी पॉझिटिव्ह आल्यावरच आकडा दिला, कोणते पॉइंट घेतले तेही छापलं. ग्रॅमाला ४१० चौरस मीटर आला, म्हणजे दहा ग्रॅम कोळशात एकरभर जागा, गटातल्या बायांना सांगितलं तं कोणी मानेच ना!

एक स्टार कापला कारण कार्बन डायऑक्साईडवाली टेस्ट यांच्याकडे नाही. शेतात टाकायचा कमी तापमानाचा बायोचार असेल तं त्याच्या अगदी बारीक छिद्रात इतक्या थंडीत नायट्रोजन लवकर शिरत नाही, त्याला ० डिग्रीवर कार्बन डायऑक्साईडच लागते. हे मात्र त्यांनी पैसे घ्यायच्या आधीच सांगितलं. रिपोर्टला वेळ लागते, फोन दुपारनंतरच उचलतात, आन सॅम्पल पन्नीत नका पाठवू, घट्ट झाकणाच्या काचेच्या बाटलीत पाठवा.