पुटी की टेरा टर्म? जुन्या सिस्टीमला जोडायचं असेल तर हे आधी बघा

नाशिकच्या अंबडमधल्या एका युनिटमधून परवा फोन आला, नवीन लॅपटॉप घेतलाय, त्यावर आमचं स्टोअरचं जुनं युनिक्सवालं सॉफ्टवेअर उघडायचंय, कुठलं टर्मिनल टाकू (म्हणजे आपल्या कॉम्प्युटरवरून दुसऱ्या मशीनची स्क्रीन उघडणारं सॉफ्टवेअर, पुटी आणि टेरा टर्म ही त्यातलीच दोन)? सातपूर, सिन्नर सगळीकडून हाच प्रश्न येतो म्हणून नीट लिहून ठेवतोय.

सॉफ्टवेअर निवडायच्या आधी समोरचं मशीन कुठलं आहे ते विचारा. युनिक्स, स्विच, राउटर ही मंडळी बहुतेक व्हीटी१०० च्या घराण्यातली भाषा समजतात (डीईसी कंपनीचं १९७८ चं टर्मिनल), त्यांना पुटी पण चालतं, टेरा टर्म पण चालतं. पण तुमच्याकडे आयबीएमचं एएस/४०० (कंपन्यांच्या कामाचा जुना सर्व्हर) असेल तर हे दोन्ही विसरा. तिथे ५२५० नावाची टर्मिनलची भाषा लागते आणि मेनफ्रेमला (आयबीएमचा मोठा कॉम्प्युटर) ३२७०, कारण त्यात एकेक अक्षर जात नाही, अख्खी स्क्रीन भरून एंटर मारला की सगळं एकदम जातं. मेनफ्रेमसाठी डब्ल्यूसी३२७० फुकट मिळतं आणि चांगलं आहे, एएस/४०० साठी आयबीएमचं स्वतःचं ॲक्सेस क्लायंट सोल्युशन्स घ्या, फक्त ५२५० वापरायचं लायसन आहे का ते आधी ऑफिसात विचारून घ्या.

आता पुटी. छोटंसं, फुकट, इन्स्टॉल न करता पण चालतं, टेलनेट आणि एसएसएच (नेटवर्कवरून जोडायचे दोन मार्ग, एसएसएच सुरक्षित), सिरीयल (थेट केबलने) तिन्ही आहे. जुन्या सर्व्हरच्या एसएसएचला आजकालचे बरेच प्रोग्राम थेट नकार देतात, पुटी वॉर्निंग देऊन बहुतेक वेळा जोडून देतं, हे मला फार कामाचं वाटतं. पण एससीओ युनिक्स (युनिक्सचा एक जुना प्रकार) असेल तर जसंच्या तसं वापरू नका! पुटीचं बॅकस्पेस मुळात १२७ नंबरचा कोड पाठवतं आणि एससीओवर तोच कोड म्हणजे चालू काम तोडा, म्हणजे बिचारा स्टोअरवाला एक आकडा खोडायला जातो आणि अख्खी एंट्रीच बंद पडते आणि त्याला वाटतं सर्व्हर गेला. कीबोर्डच्या पानावर बॅकस्पेस कंट्रोल-एच करा, फंक्शन की एससीओ करा, टर्मिनल टाइप एएनएसआय आणि ट्रान्सलेशनमध्ये सीपी४३७ (जुन्या पीसीचा अक्षरसंच) करा म्हणजे चौकटीच्या रेषा नीट दिसतील. आणि मग सेशनच्या पानावर परत जाऊन सेव्ह दाबा, हे ९० टक्के लोक विसरतात आणि दुसऱ्या दिवशी परत फोन.

अजून एक, पुटीत माउसने सिलेक्ट केलं की लगेच कॉपी होतं आणि राइट क्लिकला पेस्ट. एंट्रीच्या स्क्रीनवर ऑपरेटरचा चुकून राइट क्लिक लागला तर नको ते आत जातं, म्हणून माउसच्या सेटिंगमध्ये हे बदलून मगच लॅपटॉप हातात द्या.

टेरा टर्म दिसायला जुनाट वाटतं, पण सिरीयल केबलचं काम असेल तर माझं मत सरळ त्याच्याच बाजूने आहे. जुन्या मशीनचा बफर (आलेला डेटा तात्पुरता ठेवायची जागा) लहान असतो, भराभर डेटा ओतला की मधली अक्षरं गळतात आणि सीएनसीच्या (कॉम्प्युटरवर चालणारं कटिंगचं मशीन) प्रोग्रामात एक अक्षर गळणं म्हणजे टूल आणि जॉब दोन्ही धोक्यात. टेरा टर्ममध्ये दर अक्षरामागे आणि दर ओळीमागे किती मिलिसेकंद थांबायचं ते सांगता येतं, पुटीत ही सोयच नाही. एक्समोडेम, झेडमोडेमने (केबलवरून फाइल पाठवायच्या पद्धती) फाइल पाठवता येते, लॉगमध्ये प्रत्येक ओळीला वेळ टाकता येते, आणि रोज तेच तेच लॉगिन करायचं असेल तर मॅक्रो (तीच कामं आपोआप करणारी सूचनांची यादी) लिहून ठेवता येतो.

फॅनुकच्या (सीएनसीचे कंट्रोल बनवणारी कंपनी) जुन्या कंट्रोलवर सिरीयल केबलची सेटिंग बऱ्याचदा ७ बिट, इव्हन पॅरिटी (चूक पकडायचा जादा बिट), २ स्टॉप बिट (अक्षर संपल्याची खूण) अशी असते, आणि पुटी उघडतं ९६०० बॉड (डेटाचा वेग), ८ बिट, पॅरिटी नाही अशा सेटिंगवर. जुळलं नाही की कचरा अक्षरं दिसतात आणि लोक केबलला दोष देतात. केबल पण बघा म्हणा, दोन कॉम्प्युटर थेट जोडायचे तर २ आणि ३ नंबरची पिन क्रॉस लागते. यूएसबी कन्व्हर्टर घेताना एफटीडीआय चिपवाला मागा, शंभर-दोनशे रुपये जास्त गेले तरी जाऊ दे, स्वस्तातल्या जुन्या प्रोलिफिक चिप नवीन विंडोजच्या ड्रायव्हरवर चालत नाहीत आणि तो दिवस वाया जातो.

टेलनेटने जोडताय तर लक्षात ठेवा, पासवर्ड नेटवर्कवर उघडाच जातो. सर्व्हरवर एसएसएच असेल तर तेच वापरा, नसेल तर ते मशीन फॅक्टरीच्या आतल्या नेटवर्कवरच ठेवा, घरून बघता यावं म्हणून राउटरवर २३ नंबरचा पोर्ट कुणी उघडला असेल तर आजच बंद करा.

म्हणजे ऑफिसात एंट्री करायची तर पुटी, शॉपवर केबल लावायची तर टेरा टर्म, दोन्ही कामं असतील तर दोन्ही टाका, फुकटच आहेत. आणि जुना पीसी भंगारात द्यायच्या आधी त्यातल्या टर्मिनलच्या सेटिंगच्या प्रत्येक पानाचा मोबाईलवर फोटो काढून ठेवा. अंबडवाल्यांनी पीसी आधीच देऊन टाकला होता, बॉड रेट आणि पॅरिटी एकेक करून बघण्यात माझी अख्खी दुपार गेली.