मलागासी गोष्टी रचणाऱ्यांच्या कामाचा कोश : तेनीमलागासी डॉट ऑर्ग

मादागास्करच्या लोककथेवरून चित्रपुस्तक, श्राव्य कथा किंवा नाट्यवाचन करायला बसलं की गाडी पहिल्यांदा शब्दांपाशी अडते. गुगलच्या भाषांतरात २०१४ पासून मलागासी, म्हणजे मादागास्करची भाषा, आहे, पण तिथे शब्दाला शब्द मिळतो, त्याचं गोत्र कळत नाही. ते हवं असेल तर तेनीमलागासी डॉट ऑर्ग (tenymalagasy.org). हा कोश फुकट आहे आणि मलागासी, फ्रेंच, इंग्रजी अशा तिन्ही भाषांतून वापरता येतो.

यात जुने छापील कोश एका पानावर आणून बसवले आहेत. बऱ्याच नोंदींत राजेमिसा-राओलिसन यांच्या १९८५च्या कोशातला मलागासी अर्थ, रिचर्डसन यांचा १८८५चा इंग्रजी अर्थ आणि आबिनाल-माल्झाक यांचा १८८८चा फ्रेंच अर्थ शेजारी शेजारी दिसतात. मोठ्या नोंदींत साधित शब्द (मूळ शब्दापासून बनलेले) आणि म्हणीही असतात.

मलागासीत शब्द जसा ऐकू येतो तसा कोशात सापडेलच असं नाही, कारण प्रत्यय पुढून चिकटतात आणि मुळातलं अक्षर गिळतात. 'सोरात्रा' म्हणजे लिखाण. त्याचं 'मानोरात्रा' (लिहितो) होताना 'स' गायब. भूतकाळात 'नानोरात्रा', भविष्यात 'हानोरात्रा', लिहिणारा तो 'म्पानोरात्रा', आणि कर्मणीत 'सोराताना'. मुळाखाली लावलेल्या छापील कोशात नवखा माणूस इथेच हरवतो. या कोशात साधित रूप टाकलं तरी मुळापर्यंत जाता येतं. शब्द मिळाला नाही तर सुरुवातीच्या 'न' किंवा 'ह'च्या जागी 'म' घालून बघा. 'नोसोराताना'सारखं रूप असेल तर पुढचा 'नो' काढा. जोडशब्द वेगळाच त्रास देतात: 'वोरोना' (पक्षी) आणि 'फोत्सी' (पांढरा) मिळून 'वोरोम्पोत्सी', म्हणजे बगळा. 'फ'चा 'प' झालेला लक्षात आला नाही तर 'पोत्सी' शोधत बसाल.

(इथे शब्द मलागासी लेखनाप्रमाणे उतरवले आहेत. बोलताना 'ओ'चा 'उ' होतो आणि शेवटचा स्वर जेमतेम पुटपुटला जातो. श्राव्य कथेच्या संहितेत हे निवेदकासाठी वेगळं लिहून ठेवा. मराठी निवेदकाला एक फायदा आहे: 'त्स' म्हणजे आपल्या 'चोर'मधला च, आणि रोमन 'जे' म्हणजे 'जोर'मधला ज.)

खरी दौलत म्हणींत आहे. पैसा, नातं, भात, बैल यांपैकी कुठलाही शब्द काढा, म्हणी हाती लागतात. जिव्हाळा गमावण्यापेक्षा पैसा गेलेला बरा, या अर्थाची म्हण मलागासी तोंडात सतत असते. कबारी या वक्तृत्वकलेला युनेस्कोने २०२१ मध्ये वारसा यादीत घेतलं, ती उभी आहे अशाच म्हणींवर. पात्राच्या तोंडी म्हण घालताना मात्र फक्त इंग्रजी अर्थावर विसंबू नका, मलागासी व्याख्याही लावून घ्या. रिचर्डसन लंडन मिशनचे, आबिनाल-माल्झाक जेझुइट (कॅथलिक पंथातले), म्हणजे सगळेच ख्रिस्ती धर्मप्रचारक; देव, पूर्वज, वैदू यांच्या शब्दांत ती नजर डोकावू शकते.

शीर्षक ठरवतानाही कोश उघडा. 'अंगानो' ही रचलेली गोष्ट, 'तांतारा' हा घडलेल्याचा वृत्तांत. आपल्याकडे कहाणी आणि बखर यांत असतो तसा फरक. तसंच 'इसिका' आणि 'इझाहाय' यांचं. इंग्रजीत दोन्ही एकच, पण मराठीत सरळ 'आपण' आणि 'आम्ही'. इंग्रजीवरून भाषांतर करणारे इथे हमखास फसतात.

आजच्या अंतानानारिवो या राजधानीतल्या पोरांचे संवाद लिहायला हा कोश पुरा पडत नाही. त्याचा पाया शंभराहून जास्त वर्षं जुना आहे. शिवाय इथली भाषा मुख्यतः मध्य पठारावरची. पश्चिम किनाऱ्यावर 'फोत्सी'चं 'फोटी' होतं, आणि अभिवादनही बदलतं: पठारावर 'मानाओ आहोआना', उत्तरेकडे 'म्बोला त्सारा'. किनाऱ्यावरच्या कोळ्याच्या तोंडी पठारी भाषा म्हणजे रत्नागिरीच्या खलाशाने सदाशिव पेठेतलं मराठी बोलणं. तेवढे संवाद त्या भागातल्या माणसाकडून वाचून घ्यावेत, त्याचे पैसे आधीच अंदाजपत्रकात धरावेत. लोककथा आणि निवेदनासाठी मात्र यापेक्षा सोयीचं साधन चटकन सुचत नाही.

आणि आकड्यांना जपा. 'हेत्सी' हा शब्द संस्कृत 'कोटी'वरून, मलायमार्गे तिथे पोचला. ओळखीचा वाटतो म्हणून तसाच कोटी लिहाल, तर गोष्टीतल्या राजाचे बैल शंभरपट होतील. हेत्सी म्हणजे एक लाख.