नदीकाठच्या वाळूत बांधकाम: नॅनो जेल की स्टोन कॉलम?

सोलापूर शहरात बहुतेक ठिकाणी काळ्या मातीखाली मुरूम आणि त्याखाली पाषाण लागतो. तिथे भूकंपात जमीन पातळ होऊन वाहण्याची भीती जवळजवळ नाही. त्यामुळे जमीन घट्ट करणाऱ्या नॅनो जेल आणि स्टोन कॉलम या दोन्हींपैकी कशावरही तिथे पैसा घालू नका. ३० सप्टेंबर १९९३ च्या भूकंपातही किल्लारीत माणसं गेली ती दगडमातीच्या जड भिंतींखाली.

प्रश्न आहे भीमा-सीनेकाठच्या सैल, पाण्याने भरलेल्या वाळूचा. हादऱ्यांनी तिच्यातल्या पाण्याचा दाब वाढतो, कणांची एकमेकांवरची पकड सुटते आणि जमीन भार पेलत नाही. जपानात निगाताला १९६४ मध्ये अख्ख्या इमारती अशाच कलंडल्या.

मोकळा प्लॉट असेल तर बिनदिक्कत स्टोन कॉलम घ्या. व्हायब्रेटरने भोक पाडून त्यात खडी ठासतात. भोवतालची वाळू दाटते, खडीतून पाण्याला वाटही मिळते. कामाआधी आणि नंतर एसपीटी (जमिनीत नळी ठोकायला किती ठोके लागतात हे मोजणारी चाचणी) घेऊन फरक आकड्यात पाहता येतो. आयएस १८९३ या भूकंपविषयक भारतीय मानकाच्या २०१६ च्या आवृत्तीत सोलापूर तिसऱ्या झोनमध्ये येतं, त्यामुळे तिच्याप्रमाणे ५ मीटरपर्यंत एन (एसपीटीतल्या ठोक्यांचा आकडा) १५ आणि १० मीटरखाली २५ हवा.

पण उभी जॅकवेल (नदीचं पाणी उपसायची विहीर) किंवा जुना घाट असेल तर? त्याच्या बुडाशी व्हायब्रेटर चालवणं मला धोक्याचं वाटतं. जेलची खरी जागा हीच. हे जेल कोलॉइडल सिलिकेचं, म्हणजे पाण्यात विखुरलेले नॅनोमीटरच्या मापाचे सिलिकाचे कण. सुरुवातीला ते द्रावण जवळजवळ पाण्याइतकं पातळ असतं, म्हणून सिमेंटचं ग्राउट (पोकळ्यांत भरायचं पातळ मिश्रण) जिथे अडतं त्या बारीक वाळूतही कमी दाबाने शिरतं. मीठ आणि सामू (पीएच) बदलून ते काही तासांत गोठवायचं की काही आठवड्यांनी, हे ठरवता येतं. वाळूचा दगड होत नाही. पोकळ्यांत जेल बसल्याने हादऱ्यात ती फारशी ढळत नाही. वजनाने ५ टक्के सिलिकेच्या द्रावणानेही प्रयोगशाळेत हा परिणाम दिसला आहे. बेंटोनाइट ही फुगणारी चिकणमाती स्वस्त, पण दाट असल्याने वाळूत दूरवर जात नाही.

जेल महाग आहे, त्यामुळे ऑर्डरआधी तुमच्याच बोअरच्या पाण्यात ते किती वेळात गोठतं हे पाहा. आपल्याकडे चुनखडी भरपूर, आणि कॅल्शियमने ते लवकर आवळतं. नळीतच बसलं तर सगळा खर्च वाया. कामानंतर नुसत्या एसपीटीवर विसंबू नका, जेलचा परिणाम त्यात नीट उमटत नाही. नमुने काढून चक्रीय भाराची (हादऱ्यांसारखा पुन्हा पुन्हा भार देण्याची) चाचणी करायची अट करारातच घाला.